चार कादंबऱ्यांना चार कोटी डॉलर कसे काय मिळतात? ब्रँडन सँडरसनची गोष्ट, सोप्या भाषेत

मार्च २०२२ मध्ये ब्रँडन सँडरसन नावाच्या एका अमेरिकन लेखकाने यूट्यूबवर व्हिडिओ टाकला की बाबांनो मी लॉकडाऊनमध्ये कोणाला न सांगता चार जादा कादंबऱ्या लिहून ठेवल्यात, त्या मी स्वतःच छापणार आहे, कोणाला हव्यात? त्याने टार्गेट ठेवलं होतं १० लाख डॉलर. ते अर्ध्या-पाऊण तासात पूर्ण झालं, आणि तीस दिवसांनी हिशोब लागला तेव्हा जमले होते ४ कोटी १७ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीनशे कोटी रुपयांच्या वर, आणि ते दिले होते १ लाख ८५ हजार लोकांनी. पुस्तकांना. तेही जादूच्या कादंबऱ्यांना.

अजूनही हा आकडा सांगितला की समोरचा म्हणतो काहीतरीच काय. आणि ज्याला पटतो तो म्हणतो, नशीब बाकी काय. मला दोन्ही उत्तरं बरोबर वाटत नाहीत. त्याच्यामागे वीसेक वर्षांची गोष्ट आहे आणि त्यात पुस्तकाचा धंदा कसा चालतो, लेखकाला पैसे कधी मिळतात, हक्क कोणाकडे असतात असं बरंच काही आहे जे आपल्याला कोणी नीट सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी हे की फँटसी म्हणजे काय

ज्या गोष्टीतलं जग लेखकाने स्वतः बनवलेलं असतं आणि त्यात जादू खरी असते ती फँटसी, एवढी व्याख्या पुरे. आपल्याकडे नाथमाधवांचं वीरधवल वाचलेली पिढी आहे, चांदोबावर वाढलेली पिढी आहे, त्यामुळे हा प्रकार आपल्याला परका नाही. फरक एवढाच की अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हा मोठ्या माणसांनी वाचायचा मोठा बाजार आहे, आणि एकेक गोष्ट दहा-दहा, चौदा-चौदा जाडजूड खंडांची असते.

तेरा कादंबऱ्या आणि विक्री शून्य

सँडरसनचा जन्म १९ डिसेंबर १९७५ चा, नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावातला. लहानपणी वाचायचा कंटाळा. आठवीत एका शिक्षिकेने ड्रॅगनवरची एक फँटसी कादंबरी हातात दिली आणि तिथून हा मुलगा फिरला. पण घरच्यांना हवं होतं तसं बायोकेमिस्ट्रीला अ‍ॅडमिशन घेतली, यूटामधल्या ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीत. मग त्याच्या चर्चच्या कामासाठी दोन वर्षं दक्षिण कोरियात सोलला गेला, आणि परत आल्यावर केमिस्ट्री सोडून इंग्लिश घेतलं.

यानंतरची जी वर्षं आहेत ना तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात आणि तीच लोक एका वाक्यात उडवतात. त्याने एका हॉटेलात रात्रपाळीची नोकरी धरली, रिसेप्शनच्या काउंटरवर बसायची, का तर रात्री गिऱ्हाईक फारसं नसतं आणि लिहायला मिळतं. अशी वर्षानुवर्षं काढली. एक कादंबरी संपली की ती प्रकाशकांना पाठवायची आणि उत्तराची वाट न बघता दुसरी सुरू करायची. नकार आला की तिसरी.

मध्ये त्याला सगळीकडून ऐकायला मिळालं की तुझी पुस्तकं फार लांब आहेत, सध्या बाजारात छोटं आणि जरा काळं, क्रूर असं चालतंय, तसं लिही. त्याने तसं लिहूनही बघितलं. ते वाईट झालं, हे तो स्वतःच त्याच्या लेक्चरमध्ये सांगतो. मग त्याने ठरवलं की विकलं नाही तर नाही, पण आता मला जे वाचायला आवडतं तेच लिहिणार, आणि तेरावी कादंबरी अशी प्रचंड मोठी घेतली की ती कोणी छापणार नाही हे त्यालाही माहीत असावं. तिचं नाव द वे ऑफ किंग्ज.

ती तेरावी चालू असताना, २००३ मध्ये, न्यूयॉर्कच्या टॉर प्रकाशनाच्या मोशे फेडर या संपादकांचा निरोप आला की आम्हाला तुमची कादंबरी घ्यायचीय. कुठली? तर दीड वर्षापूर्वी पाठवलेली सहावी, एलँट्रिस. म्हणजे सहावी विकली जाईपर्यंत हा माणूस आणखी सात लिहून बसला होता. एलँट्रिस २००५ ला छापून आली.

अ‍ॅडव्हान्स, रॉयल्टी ही काय भानगड आहे

पुस्तक घेतलं म्हणजे पैसे आले असं आपल्याला वाटतं. ते कसे येतात ते बघू, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

प्रकाशक लेखकाला आधी एक ठोक रक्कम देतो, तिला अ‍ॅडव्हान्स म्हणतात. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारे मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात आणि मग तोडलेल्या उसातून ती फेडतात, अ‍ॅडव्हान्स ही तशीच उचल आहे. पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीमागे लेखकाचा जो वाटा असतो तो म्हणजे रॉयल्टी, जाड पुठ्ठ्याच्या प्रतीवर साधारण १० ते १५ टक्के. ही रॉयल्टी आधी उचलीत वळती होते. धरून चाला की उचल १० हजार डॉलर आहे, पुस्तक २५ डॉलरचं आणि रॉयल्टी १० टक्के, म्हणजे प्रतीमागे अडीच डॉलर, तर पहिल्या ४ हजार प्रती विकेपर्यंत लेखकाला नवा पैसा दिसणार नाही. वर एजंटचे १५ टक्के. ऊसतोड मजुरापेक्षा एक फरक मात्र फार मोठा आहे. मजुराची उचल फिटली नाही तर ती डोक्यावर राहते, पुढच्या हंगामाला बांधून घेते, लेखकाची उचल फिटली नाही तरी परत द्यावी लागत नाही. पण मग पुढच्या पुस्तकाला प्रकाशक दहा वेळा विचार करतो.

म्हणून पहिलं पुस्तक आलेल्या लेखकाचं आयुष्य लगेच बदलत नाही. बदलतं कधी, तर जुनी पुस्तकं विकत राहतात तेव्हा. पाच वर्षांपूर्वीचं पुस्तक आजही दुकानात आहे, त्याची उचल कधीच फिटलीय, आता येणारी रॉयल्टी सगळी तुमची. नारळाच्या बागेसारखं आहे हे, पहिली काही वर्षं नुसतं पाणी घाला. सँडरसनने अशी झाडं भरपूर आणि भराभर लावली.

जादूला नियम कशाला हवेत?

आता पुस्तकांत काय आहे ते थोडं सांगायला हवं, नाहीतर लोक एवढे वेडे का होतात ते कळणार नाही. टॉरने खरं तर तेव्हाच ते तेरावं मोठं पुस्तक घ्यायची तयारी दाखवली होती, पण सँडरसनला वाटलं आपला हात अजून तेवढा तयार नाही, म्हणून त्याने ते मागे घेतलं आणि मिस्टबॉर्न लिहायला घेतली. २००६, २००७, २००८, वर्षाला एक असे तीन भाग.

मिस्टबॉर्नमध्ये काही माणसं धातूचे कण गिळतात आणि ते पोटात 'जाळून' शक्ती मिळवतात. प्रत्येक धातूची शक्ती वेगळी. पोलाद जाळलं तर आसपासचा धातू ढकलता येतो. पण नियम असा की ढकललं की तुम्हीही उलटे ढकलले जाता. म्हणजे समोरच्याकडे नाणं फेकून ढकललं तर नाणं गोळीसारखं सुटतं, पण तेच नाणं जमिनीवर टाकून ढकललं तर जमीन हलणार नाही, तुम्ही वर उडता. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम! आणि पोटातला धातू संपला की खेळ खलास.

२००७ मध्ये त्याने यावर एक निबंध लिहिला, त्याला आता लोक सँडरसनचा पहिला नियम म्हणतात. सोप्या मराठीत असा: वाचकाला जादू जेवढी समजलीय तेवढंच लेखकाने जादूने संकट सोडवावं. मेंढीकोट खेळताना हुकूम कोणता ते आधी ठरलेलं असतं, सगळ्यांना माहीत असतं, म्हणून शेवटच्या हातात कोणी हुकमाची दुरी टाकून दश्शी उचलली की सगळे ओरडतात. पण शेवटच्या हातालाच कोणी म्हणालं की हुकूम आत्ता बदलला, तर पानं टाकून लोक उठून जातील. संकटात अचानक नवीन मंत्र आठवणारा नायक म्हणजे हा शेवटच्या हाताला बदललेला हुकूम.

आणखी एक गोष्ट, त्याची बरीचशी पुस्तकं एकाच विश्वात घडतात, वेगवेगळ्या ग्रहांवर. त्या विश्वाला कॉस्मिअर म्हणतात. होइड नावाचा एक माणूस या पुस्तकातून त्या पुस्तकात डोकावत असतो, आपल्या पुराणांत कुठल्याही गोष्टीत नारद येतो ना तसा. याचा धंद्याशी संबंध काय, तर एक पुस्तक वाचलेला माणूस होइडच्या मागे मागे बाकीच्या पुस्तकांपर्यंत जातो, आणि जुन्या झाडांना पुन्हा नारळ लागतात.

मग दुसऱ्याची मालिका पूर्ण करायला का गेला?

ही माझी आवडती गोष्ट आहे. रॉबर्ट जॉर्डन नावाचे मोठे फँटसी लेखक, त्यांची द व्हील ऑफ टाइम ही मालिका १९९० मध्ये सुरू झाली (याच्यावरची वेबसिरीज प्राइम व्हिडिओवर २०२१ पासून आली होती, तीन सीझन झाले). जॉर्डन १६ सप्टेंबर २००७ ला वयाच्या ५८ व्या वर्षी हृदयाच्या एका दुर्मिळ आजाराने गेले, मालिका शेवटाला आली होती पण शेवट राहिला होता. त्यांना ते माहीत होतं म्हणून त्यांनी आजारपणात टिपणं करून ठेवली, प्रसंग सांगून ठेवले, अगदी शेवटाचा मजकूरही लिहून ठेवला.

सँडरसन शाळेपासून या मालिकेचा भक्त. त्याने आपल्या वेबसाइटवर श्रद्धांजली लिहिली, बस. ती जॉर्डन यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल यांच्या वाचनात आली, आणि त्या नुसत्या पत्नी नव्हत्या तर त्या मालिकेच्या संपादक पण होत्या. त्यांनी फोन केला, मिस्टबॉर्न वाचली, आणि हे काम या मुलाला दिलं. दोन-तीन वर्षांपूर्वी पहिलं पुस्तक आलेल्या माणसाला!

एक पुस्तक ठरलं होतं, साहित्य एवढं निघालं की तीन झाली: २००९, २०१० आणि जानेवारी २०१३. पहिलं, द गॅदरिंग स्टॉर्म, न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत थेट पहिल्या नंबरला आलं.

हे घोस्ट रायटिंग नाही का, असं विचारतात. नाही. घोस्ट रायटिंगमध्ये लिहिणाऱ्याचं नाव लपवतात, इथे मुखपृष्ठावर दोघांची नावं आहेत. आणि गेलेल्या माणसाचं अर्धं काम हातात घेणं ही सोपी गोष्ट नाही, लाखो वाचक वीस वर्षं वाट बघत बसलेले, एक चूक झाली तर कोणी विसरणार नाही. त्याने ते निभावलं आणि त्या लाखो लोकांनी त्याचं नाव लक्षात ठेवलं. मधल्याच काळात, २०१० मध्ये, त्याने ते बाजूला ठेवलेलं द वे ऑफ किंग्ज पूर्ण नव्याने लिहून काढलं, आणि आता ते घ्यायला वाचक तयार होते.

आता किकस्टार्टर

किकस्टार्टर ही वेबसाइट आहे, तिथे वस्तू बनायच्या आधी लोक पैसे भरतात. याला क्राउडफंडिंग म्हणतात. मराठी वाचकाला हे समजवायला फार कष्ट नकोत, कारण प्रकाशनपूर्व सवलत आपल्याकडे कित्येक दशकं आहे, मोठा ग्रंथ निघणार असला की आधी नोंदणी करा, कमी किमतीत मिळेल. डॉ. केतकरांनी तर महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी काढून शेअर विकले होते, शंभर वर्षांपूर्वी. पुस्तक यायच्या आधी वाचकाने विश्वासावर पैसे द्यायचे, ही कल्पना जुनीच आहे.

सँडरसनने २०२२ मध्ये तिथेच पैसे गोळा केले आणि असे दर ठेवले की चार ई-बुकं ४० डॉलर, चार छापील पुस्तकं १६० डॉलर, आणि ५०० डॉलर भरले तर २०२३ मध्ये वर्षभर दर महिन्याला घरी पार्सल, चार महिने पुस्तक आणि आठ महिने त्या-त्या जगातल्या वस्तूंचा खोका. एकूण रकमेला माणसांनी भागलं तर प्रत्येकी साधारण २२५ डॉलर येतात, म्हणजे बहुतेकांनी नुसतं ई-बुक घेऊन भागवलं नाही. किकस्टार्टरचा आधीचा विक्रम एका स्मार्टवॉचचा होता, २०१५ चा, २ कोटी ३ लाख डॉलर. त्याच्या दुप्पट झालं.

त्या चारातली पहिली, ट्रेस नावाच्या मुलीची गोष्ट, त्याने बायकोसाठी म्हणून लिहायला घेतली होती.

म्हणजे चार कोटी डॉलर खिशात?

नाही हो. किकस्टार्टरचे ५ टक्के, कार्ड पेमेंटचे साधारण ३ टक्के, मग छपाई, कागद, चित्रकार, त्या खोक्यांतल्या वस्तू, गोदाम, आणि जगभर टपालखर्च. त्याची ड्रॅगनस्टील नावाची कंपनी आहे यूटामध्ये, तिथे पगारी माणसं आहेत, बायको एमिली कारभारात बरोबरीने आहे. हे सगळं त्यातून जातं.

पण नेहमीच्या पद्धतीत किमतीचा बराच मोठा भाग दुकानदार आणि वितरक घेतात, मग प्रकाशक, आणि लेखकाकडे दहा-पंधरा टक्के. इथे मधले लोक नाहीत. खर्चही त्याचा, जोखीमही त्याची, उरलेलंही त्याचं. आणि हे एका रात्रीत सुचलेलं नव्हतं. चामडी बांधणीच्या खास आवृत्त्यांचे हक्क त्याने स्वतःकडे ठेवले होते, २०१५ ला एलँट्रिसची तशी आवृत्ती काढली, २०२० ला द वे ऑफ किंग्जच्या चामडी आवृत्तीसाठी किकस्टार्टर केलं तेव्हा ६७ लाख डॉलर जमले. म्हणजे छपाई, पॅकिंग, पाठवणं याची सवय कंपनीला आधीच झाली होती. करार करताना कुठला हक्क द्यायचा आणि कुठला ठेवायचा, या एका कलमाची किंमत बघा. आपल्याकडे किती लेखक करार वाचून सही करतात हा विचार माझ्या मनात सारखा येतो.

आणि टॉरशी भांडण पण नाही. त्याच चार कादंबऱ्यांच्या साध्या आवृत्त्या नंतर टॉरने काढल्या, दुकानात मिळतात.

तो आधीच प्रसिद्ध होता म्हणून जमलं, नव्या लेखकाला काय उपयोग?

हा आक्षेप बरोबर आहे आणि मी तो टाळणार नाही. अनोळखी लेखकाने उद्या असा व्हिडिओ टाकला तर घरचे दहा जण पैसे भरतील. पण प्रसिद्ध लेखक तर पुष्कळ आहेत, त्यांच्यातल्या कोणाला हे जमलं नव्हतं. मला यात बाजारातला जुना शब्द आठवतो, पत. गावातला एखादा दुकानदार असतो ज्याला लोक म्हणतात, पैसे घ्या, माल आला की पाठवा. ती पत वागण्यातून येते. सँडरसनने वॉरब्रेकर ही अख्खी कादंबरी लिहिता लिहिताच वेबसाइटवर फुकट टाकली, कच्च्या खर्ड्यासकट. वेबसाइटवर पट्ट्या असतात, कुठलं पुस्तक किती टक्के झालंय, कोणीही बघावं. दर डिसेंबरला वर्षाचा लांबलचक हिशोब लिहितो, काय झालं, काय लांबलं, पुढे काय. युनिव्हर्सिटीत लेखन शिकवतो आणि ती लेक्चरं यूट्यूबवर फुकट आहेत, त्यातली काही मी दोनदा बघितलीत. फँटसीचे वाचक पुढच्या भागाची वाट बघून पोळलेले असतात, काही मालिका दहा-पंधरा वर्षं अडकून पडल्यात. अशा वाचकाला तारीख सांगून पाळणारा माणूस भेटला की तो पैसे देताना हात आखडत नाही.

एवढं भराभर लिहिणारा चांगलं लिहील का?

त्याची भाषा साधी आहे, इतकी की काही समीक्षकांना सपक वाटते. तो स्वतः म्हणतो की मला खिडकीच्या काचेसारखी भाषा हवी, मध्ये येऊ नये, पलीकडचं दिसावं. माझं विचाराल तर कधी कधी मला त्या काचेला थोडा रंग असता तर बरं असं वाटतं, विशेषतः विनोद करायला जातो तिथे. डिसेंबर २०२४ ला आलेलं स्टॉर्मलाइट मालिकेचं (द वे ऑफ किंग्ज हा तिचा पहिला भाग) पाचवं पुस्तक १३०० पानांच्या वर आहे आणि ते कापायला हवं होतं असं म्हणणारे चाहतेही भरपूर आहेत, मीपण त्यातला एक. पण २०१३ मध्ये द एम्परर्स सोल या छोट्या कादंबरीला ह्यूगो हा फँटसी-विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार मिळाला, ती वाचा, थोडक्या पानांत हा माणूस काय करू शकतो ते दिसतं. भराभर म्हणजे तरी काय, रोज दोन-अडीच हजार शब्द, दुपारी एकदा आणि रात्री दहानंतर पुन्हा. हॉटेलची रात्रपाळी सुटली पण सवय तीच राहिली.

आणि ते ऑडिबलचं भांडण

थोडक्यात सांगतो. पुस्तक वाचून दाखवलेलं ऐकायचं ते ऑडिओबुक, त्याच्या बाजारात अ‍ॅमेझॉनची ऑडिबल कंपनी सगळ्यात मोठी. डिसेंबर २०२२ मध्ये सँडरसनने जाहीर लिहिलं की स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाला ऑडिबल फक्त आमच्याकडेच विका या अटीवर ४० टक्के देतं, दुसरीकडेही विकलं तर २५, आणि बाकीच्या डिजिटल धंद्यांत बनवणाऱ्याला ७० टक्के मिळतात. त्याने त्या चार कादंबऱ्यांची ऑडिओबुकं ऑडिबलला दिलीच नाहीत, दुसरीकडे दिली. त्याचं त्यात नुकसान होतं, त्याचे बहुतेक श्रोते ऑडिबलवरच. त्याला स्वतःपुरता चांगला दर मागून घेता आला असता. तो म्हणाला, छोट्या लेखकांसाठीही बदला. २०२४ मध्ये ऑडिबलने नवी पद्धत आणायचं कबूल केलं आणि मग त्याची पुस्तकं तिथे आली.

२०२० च्या किकस्टार्टरची एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवलीय. त्यात ठरावीक रकमेच्या पुढे गेल्यावर त्याने वाचकांना एक जादा ई-बुक दिलं. ते म्हणजे २००२-०३ च्या सुमारास लिहिलेला द वे ऑफ किंग्जचा पहिला खर्डा, तीच तेरावी, कोणीही छापणार नाही असं वाटूनही लिहिलेली. चुका आहेत, पात्रं वेगळी आहेत, हे बाद झालेलं रूप आहे असं त्याने प्रस्तावनेत सरळ सांगितलंय, आणि तो खर्डा त्याच्या वेबसाइटवर फुकट ठेवला. मी तो छापील पुस्तकाशेजारी ठेवून वाचला, तेव्हा कळतं की जादूची तलवार घेणार का, याला कलादिन हे मुख्य पात्र (खर्ड्यात त्याचं नाव वेगळं आहे) खर्ड्यात 'हो' म्हणतं आणि छापील पुस्तकात 'नाही', आणि त्या एका उत्तराने पुढची हजार पानं बदललीत.